छप्पर पाच इंच खाली

माझ्या सासऱ्यांनी एकवीस वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत. फेब्रुवारीतली सकाळ होती. बाहेर बदामाच्या बागांवर धुकं बसलेलं होतं आणि हॉलिस आमच्या पाहुण्यांच्या खोलीत, नाकात ऑक्सिजनची नळी घालून, खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासाठी ओटमील घेऊन गेलो होतो.

"त्या पिकअपमध्ये बसून एकदा तळ्यावर जायचं राहिलं," ते खिडकीला म्हणाले.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"ओटमीलमध्ये मीठ नाही."

मी मीठ आणायला गेलो. पण ते पहिलं वाक्य मी ऐकलं होतं, आणि नेमकं तेच माझं चुकलं. ऐकलं नसतं तर मी त्या वर्षी नेहमीप्रमाणे काहीच केलं नसतं, आणि काहीच न करण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या गावात नाही.

हॉलिस टॅकेट यांनी बेचाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये वेल्डिंग केलं. तो सगळा धूर त्यांच्या छातीत साठला होता आणि आता वसुलीला आला होता. डॉक्टरांनी माझ्या बायकोला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, लोर्नाला, दवाखान्याच्या जिन्यापाशी गाठून सांगितलं होतं की उन्हाळा निघेल, हिवाळ्याचं काही सांगता येत नाही. आणि तळ्यावरचा मेळा असतो सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी. तळं म्हणजे डोंगरापलीकडचं. त्यात पाणी नसतं, मैलोन्‌मैल तडकलेली सपाट माती असते आणि लोक आपापल्या जुन्या गाड्या तिथे नेऊन सुसाट सोडतात. हॉलिस तरुणपणापासून दर वर्षी तिथे जायचे. पण दुसऱ्याच्या गाडीत बसून.

कारण त्यांची स्वतःची गाडी त्यांच्या जुन्या घरामागच्या शेडमध्ये होती. सेहेचाळीस सालचा फोर्ड पिकअप. बासष्ट साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी तो हॉट रॉड करायला, म्हणजे जुनी गाडी कापून-छाटून वेगाची करतात तसा करायला, म्हणून उघडला. मग लग्न झालं, मग जिनिंगची पाळी लागली, मग लोर्ना झाली. पिकअप उघडाच राहिला. साठ वर्षांत त्यात कोंबड्यांच्या अनेक पिढ्या सुखाने नांदल्या.

आता माझ्याविषयी. मी डॉइल प्रुएट, पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. कॉलेजात इतिहास घेऊन पदवी मिळवली, म्हणून हॉलिस मला 'प्रोफेसर' म्हणत. ते कौतुकाने म्हणत नसत. लग्नानंतर घरात मी जे जे दुरुस्त केलं, ते ते हॉलिसनी पुढच्या रविवारी येऊन, एक अक्षरही न बोलता, पुन्हा दुरुस्त केलं. एकदा मी नुसता बल्ब बदलला होता. त्यांनी तो काढून, उजेडाकडे धरून पाहिला आणि परत बसवला. हा अपमान नव्हता असं लोर्ना अजून म्हणते.

तर मी ठरवलं की पिकअप पुरा करायचा, आणि हॉलिसना कळू न देता करायचा. आमच्याकडे ज्याच्यावर जीव आहे त्याला अंधारात ठेवायचं, सगळं तयार करायचं आणि मग त्याच्या अंगावर एकदम ओरडायचं, याला आनंद देणं म्हणतात. ज्याच्या हृदयाचा आणि फुफ्फुसांचा भरवसा नाही अशा माणसाला हा आनंद द्यावा का, याचा विचार कुणी करत नाही. मीही केला नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं असतं. पण मग ते सरप्राइज राहिलं नसतं.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून डेल्बर्ट यान्सी राहतो. वय एकाहत्तर, तेलविहिरीवरून निवृत्त. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी उचलायचा जॅक आहे आणि मनात ठाम मतं आहेत. त्याच्या मते १९५५ नंतर माणसाने पाना हातात धरून जे जे केलं ते पाप आहे. समोर रूडी अरोयो. त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे आणि त्याच्या मते रंग लागेपर्यंत गाडी जन्मालाच आलेली नसते. हे दोघे सतरा वर्षं एकमेकांशी एकाच विषयावर भांडत होते, आणि भांडायला प्रत्यक्ष गाडी पहिल्यांदाच मिळत होती. त्यांचे डोळे भरून आले.

लोर्ना हॉलिसना तपासणीला घेऊन गेली त्या मंगळवारी आम्ही पिकअप शेडमधून ओढून डेल्बर्टच्या गॅरेजमध्ये आणला. सीटखाली सात अंडी निघाली. रूडीने ती उन्हाकडे धरून पाहिली आणि म्हणाला, "डॉइलसाहेब, ही ताजी आहेत. गाडीत अजून जीव आहे."

मग मोडतोड सुरू झाली. आधी बंपर गेले. मग पायऱ्या गेल्या, मडगार्ड गेले, बोनेटच्या बाजू गेल्या. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून जायचो तेव्हा आदल्या दिवसापेक्षा गाडी कमी असायची.

"डेल्बर्ट, आपण गाडी बनवतोय ना?" मी एकदा न राहवून विचारलं.

"हो."

"मग ती होणार कधी?"

"आधी जे गाडी नाही ते काढू," डेल्बर्ट म्हणाला. "उरेल ती गाडी."

हे वाक्य ऐकून मला इतिहासाचे आमचे जुने प्राध्यापक आठवले. त्यांनीही अशाच पद्धतीने वर्गातली मुलं कमी केली होती.

एप्रिलमध्ये छपराचा प्रश्न आला. डेल्बर्ट टेप घेऊन केबिनभोवती फिरला आणि म्हणाला, "किती खाली घ्यायचं?"

"काय?"

"छप्पर."

"खाली कशाला घ्यायचं?"

रूडीने हातातला पाना खाली ठेवला आणि छातीवर क्रूस काढला.

"लोर्नाचा नवरा विचारतोय," डेल्बर्ट छताकडे बघत म्हणाला, "छप्पर खाली कशाला."

"कॉलेजात शिकवत नाहीत," रूडी समजूतदारपणे म्हणाला.

मग दोघांनी मला खाली बसवून सांगितलं. छप्पर कापल्याशिवाय हॉट रॉड होत नाही. खिडक्यांच्या खांबांतून पट्टी कापून काढायची आणि वरचा टोप खाली आणून पुन्हा जोडायचा, म्हणजे गाडी डोळे बारीक करून बघतेय असं वाटतं. याबद्दल दोघांचं एकमत होतं. मतभेद फक्त इंचांचा होता. रूडी म्हणाला तीन. डेल्बर्ट म्हणाला पाच.

"तीन इंच म्हणजे कुणीतरी वरून पडल्यासारखं दिसतं," डेल्बर्ट म्हणाला. "पाच इंच म्हणजे मुद्दाम केलंय हे कळतं."

"पाचात माणूस मावेल का?" रूडीने विचारलं.

"चालवणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

"बस त्या खोक्यावर."

मी बसलो. त्यांनी माझ्या बुडापासून टाळूपर्यंत माप घेतलं, मग छपराचं घेतलं, मग एकमेकांकडे पाहिलं. डेल्बर्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डॉइल, पाच इंच कापून वर चार बोटं उरतात. देवाने तुला या गाडीसाठीच आखूड केलंय."

इथे वाचकांनी माझी बाजू समजून घ्यावी. मी पाच फूट सहा इंच आहे. शाळेच्या बास्केटबॉलपासून लग्नाच्या फोटोपर्यंत माझ्या उंचीचा विषय निघाला की लोक दुसरीकडे बघतात. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, दोन अनुभवी माणसं टेप हातात धरून माझ्या उंचीचं कौतुक करत होती. त्या सुखात मला दुसरं काहीही आठवलं नाही. मी म्हटलं, "कापा."

मे महिना नोंदणीत गेला. गाड्यांच्या नोंदणीच्या कार्यालयात काचेमागे एक बाई होत्या. मी स्वतः एकवीस वर्षं काचेमागे बसत असल्याने मी त्यांच्याकडे एका कलाकाराने दुसऱ्याकडे बघावं तसं बघत होतो.

"चासी नंबर," त्या म्हणाल्या.

"कागदावर लिहिलाय."

"गाडीवरचा आमच्या माणसाला दिसला पाहिजे."

"तो चासीवर ठोकलेला आहे, पण केबिनच्या खाली येतो."

"मग केबिन वर करा."

"कालच बोल्ट आवळून खाली बसवली."

"मग परवा वर करा," त्या म्हणाल्या. "उद्या सुट्टी आहे."

अशी सफाई वीस वर्षांच्या सरावाशिवाय येत नाही. मी मनातल्या मनात टोपी काढली.

केबिन वर केली. नंबर दिसला. मग रंगाची भानगड निघाली. जुन्या कागदावर हिरवा होता आणि गाडी तर नुसत्या करड्या प्रायमरमध्ये. डेल्बर्टच्या मते ती तशीच राहायला हवी होती, रूडीच्या मते हा खून होता.

"रंग कोणता?"

"अजून ठरलेला नाही."

"'अजून ठरलेला नाही' असा रंग कॉम्प्युटरमध्ये नाही," बाई म्हणाल्या. "आणि मालकाची सही लागेल."

मालक म्हणजे हॉलिस. मी तो फॉर्म दवाखान्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात मधोमध घातला आणि पेन घेऊन त्यांच्यासमोर बसलो. हॉलिस प्रत्येक कागदावर न वाचता सही करत गेले आणि त्या एका फॉर्मवर थांबले. चष्मा नव्हता, म्हणून कागद लांब धरला. त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "दार लोटून घे, प्रोफेसर."

मी लोटलं.

"रोज संध्याकाळी कुठे जातोस?"

"ऑफिसात बैठका असतात."

"पाणीपुरवठ्यात."

"हो."

"आल्यावर आधी आंघोळ करतोस."

पेट्रोलचा वास जावा म्हणून मी आंघोळ करत होतो.

"मी काही बोलत नाही," हॉलिस म्हणाले. दोन वाक्यांमध्ये ते हवा गोळा करत. "माणूस आहेस. त्या कागदावर शेड तुझ्या नावावर करून घ्यायची असेल तर घे. मला काय करायचीय. फक्त मी आहे तोवर लोर्नाला कळू देऊ नको."

"हॉलिस, तसं काही नाही."

"नाव सांगू नको," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

माझ्या आयुष्यात माझ्यावर लफड्याचा आळ पहिल्यांदाच आला, तोही खुद्द सासऱ्यांकडून, आणि खरं कारण सांगून मी तो खोडूही शकत नव्हतो. मी लोर्नाला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून इतकी हसली की शेवटी रडायला लागली. मग बराच वेळ रडतच राहिली. तिला एवढ्यात हसायला काही मिळालं नव्हतं.

जूनमध्ये इंजिन बसलं. त्यावर तीन कार्ब्युरेटर. आणि इंजिनातून निघालेली, दाराखालून जाणारी, धूर सोडणारी दोन सरळ नळकांडी.

"सायलेन्सर कुठे बसवायचे?" मी विचारलं.

"सायलेन्सर म्हणजे गाडीच्या तोंडावर दाबलेली उशी," डेल्बर्ट म्हणाला. रूडीने आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुजोरा दिला, तेव्हा माझा नाइलाज झाला.

इंजिन अकराव्या प्रयत्नाला सुरू झालं. तीन गल्ल्यांतली कुत्री घराखाली जाऊन बसली, कोपऱ्यावरच्या चर्चमधल्या एक बाई ब्रेड हातात घेऊनच बाहेर आल्या. असा आवाज दोन घरांपलीकडे बसलेल्या हॉलिसना ऐकू गेला असता, म्हणून आम्ही ते फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, ते दवाखान्यात असताना, चालवायचो. म्हणजे ज्या माणसाला तो आवाज ऐकायचा होता, तो गावाबाहेर गेल्याची खात्री करून आम्ही तो आवाज काढत होतो. हे तेव्हा मला चतुरपणाचं वाटलं.

खरं तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडी चालण्याजोगी होती. हॉलिस तेव्हा खोलीपासून अंगणापर्यंत चालत यायचे. पण चाकांचा लाल रंग कोणता, यावर डेल्बर्ट आणि रूडी यांचं बोलणं बंद झालं. रूडीला चेरीसारखा हवा होता, डेल्बर्टला जुन्या शेतअवजारांसारखा. मी एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी निरोप पोचवत होतो. त्यात सतरा दिवस गेले. दोघांनाही मान्य झालेला लाल शेवटी लागला तेव्हा हॉलिस पलंगापासून खुर्चीपर्यंत चालत होते, आणि मध्ये एकदा थांबत होते. त्या सतरा दिवसांचा मी नंतर बराच विचार केला आहे. लाल मला दोन्ही सारखेच दिसतात.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सकाळी पिकअप आमच्या दारात उभा केला, ढकलत आणून. त्यावर लोर्नाची पलंगावरची चादर घातली. गल्ली जमली. रूडीच्या बायकोने घमेलंभर बटाट्याचं सॅलड आणलं. लोर्नाने हॉलिसना वॉकर धरून बाहेर आणलं, मागून सिलेंडरची गाडी. चादर ओढली, आणि आम्ही सगळे ओरडलो.

हॉलिस दचकले नाहीत. त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. खाली बसलेलं छप्पर, उघडं इंजिन, करडा पत्रा, लाल चाकं. मग ते वॉकर टेकत गाडीभोवती फिरू लागले. त्या एका फेरीला पाव तास लागला आणि तेवढा वेळ कुणी सॅलडला हात लावला नाही. खिडकीच्या खांबापाशी ते थांबले आणि जोडावरून बोट फिरवलं.

"वेल्डिंग कुणाचं?"

डेल्बर्टने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"चांगलं आहे."

डेल्बर्ट मागे वळला आणि कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला.

हॉलिस माझ्याकडे वळले. "संध्याकाळच्या बैठका," ते म्हणाले.

"हो."

"हं." त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी तो हसण्यात धरतो.

मी पुढे होऊन दार उघडलं. हॉलिसनी त्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग वर छपराकडे, मग पुन्हा दाराकडे.

"प्रोफेसर, माप कुणाचं घेतलं?"

हॉलिस टॅकेट सहा फूट चार इंच होते. हे गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या पाहुण्यांच्या खोलीच्या चौकटीवर त्यांच्यासाठी 'डोकं सांभाळा' अशी पाटी आहे आणि ती मी स्वतः, स्टुलावर चढून, ठोकलेली आहे.

"माझं," मी म्हटलं.

तरी त्यांनी प्रयत्न केला. आधी बाजूने, मग पाठमोरे, मग डोकं आधी घालून. एकदा ते पुरते आत गेलेही. गुडघे छातीशी आणि हनुवटी गुडघ्यांत. त्या अवस्थेत त्यांना श्वास घेता येईना. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला, आणि लोर्ना ओरडली, "काढा! डॅडींना बाहेर काढा आधी!" चौघांनी मिळून काढलं. खुर्चीवर बसवलं. मला वाटलं लोर्ना मला काहीतरी बोलेल. ती फक्त हॉलिसच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं.

मग गल्लीने सल्ले दिले. कुणी म्हणालं सीट काढून जमिनीवर बसवा. कुणी म्हणालं मागे हौद्यात आरामखुर्ची बांधा. त्यावर दुसऱ्या कुणी वाहतुकीच्या नियमाचं कलम सांगितलं. रूडी म्हणाला, छपराला डोक्यापुरतं भोक पाडू, वर काचेचा घुमट बसवू. डेल्बर्ट निघून गेला आणि ग्राइंडर घेऊन परत आला. त्याचे डोळे लाल होते.

"सगळं उडवतो," तो म्हणाला. "टोपच नको. तासाभराचं काम आहे."

"उडव," मी म्हटलं.

"उडव," लोर्ना म्हणाली.

ग्राइंडर सुरू झाला. हॉलिसनी खुर्चीतून वॉकर उचलला आणि आपटला.

"बंद कर ते!"

बंद झालं. त्यांना हवा गोळा करायला वेळ लागला. "बासष्ट साली मीसुद्धा पाचच आखले होते," ते म्हणाले. "शेडच्या भिंतीवर. खडूने."

"पाच?" डेल्बर्ट म्हणाला, आणि अशाही प्रसंगी त्याने रूडीकडे एकदा बघून घेतलं.

"मग तुम्ही बसणार कसे होतात?" मी विचारलं.

"बावीस वर्षांचा होतो. बावीस वर्षांचा माणूस कुठेही बसतो." ते पिकअपकडे बघत होते. "तिला हात लावायचा नाही कुणी. बरोबर झालीय ती. तू चालव. मी लोर्नाच्या गाडीतून बघेन."

"पण तुम्हाला तिच्यात बसून जायचं होतं."

"आत बसल्यावर गाडी दिसते कुठे," हॉलिस म्हणाले. मग त्यांनी मान वळवली, आणि ती त्यांनी ज्या बाजूला वळवली तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, आमच्या घराची भिंत होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. पुढे मी पिकअपमध्ये, मागे लोर्नाची मातकट रंगाची साधी गाडी, तिच्यात लोर्ना, हॉलिस आणि तीन सिलेंडर. घाटात इंजिन दोनदा तापलं, कारण पाणी मी भरलं होतं. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाने पाणी कमी भरावं, यावर हॉलिसनी फक्त रिकाम्या कॅनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं.

तळ्यावर शर्यतीच्या पट्ट्यात आम्हाला सोडलं नाही. तिथल्या तपासनिसाने माझं हेल्मेट पाहिलं आणि हे सायकलचं आहे म्हणाला. तेव्हा आम्ही गर्दीपासून दूर, तळ्याच्या दुसऱ्या अंगाला गेलो, जिथे फक्त माती आणि आभाळ होतं. मागून गाडी आली तर धुळीत काही दिसणार नाही, म्हणून लोर्नाने तिची गाडी माझ्या डाव्या हाताला आणली. रस्ताच नव्हता, त्यामुळे कुठल्या बाजूने जायचं हा प्रश्नही नव्हता. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे हॉलिसची खिडकी माझ्या खिडकीसमोर आली. मध्ये दोन हातांचं अंतर. त्यांनी काच खाली केली, मला हाताने खूण केली, आणि आम्ही सुटलो.

तीस मैल. चाळीस. पंचेचाळीस. पाच इंच कापून उरलेल्या फटीतून समोरची सगळी पृथ्वी मला पट्टीएवढी दिसत होती. माझ्या पायांखालून ती दोन नळकांडी गर्जत होती. दात हलत होते, सीट हलत होती. मी डावीकडे पाहिलं. हॉलिस गाडीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मग त्यांनी नाकातली नळी काढली आणि बोलायला लागले.

मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नुसते ओठ दिसत होते. मला वाटलं गिअरचं काहीतरी सांगतायत. पण गिअरचं सांगताना माणूस असा सांगत नाही. ते सावकाश बोलत होते, मध्ये थांबून हवा घेत होते, पुन्हा बोलत होते. एकदा हसले. एकदा त्यांनी लोर्नाकडे अंगठ्याने दाखवलं. एकदा लांब क्षितिजाकडे. मला ओरडून सांगता आलं असतं, की हॉलिस, ऐकू येत नाही. वेग कमी करता आला असता. पण एकवीस वर्षांत हा माणूस माझ्याशी सलग चार वाक्यं बोलला नव्हता, आणि आता बोलत होता, आणि मला भीती वाटली की मी काही केलं तर ते थांबतील. म्हणून मी मान हलवत राहिलो. ते बोलत, मी मान हलवत. शेवटी त्यांनी बोट उचललं, काहीतरी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबले.

मी जोरजोरात मान हलवली. अंगठाही वर केला.

हॉलिसनी मान मागे टेकली, नळी नाकात घातली आणि काच वर केली.

गाड्या थांबल्यावर कानात अजून घणघणाट चालू होता. लोर्ना काळा चष्मा लावून, स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काय बोलत होते ते?"

"मला कसं ऐकू येणार?" ती म्हणाली. "काच उघडी होती आणि शेजारी तू होतास."

मी हॉलिसच्या खिडकीपाशी गेलो. ते थकले होते, पण चेहरा मोकळा होता. "हॉलिस, मघाशी तुम्ही—"

"हो म्हणालास ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले आणि सँडविच मागितलं.

विचारायला त्यानंतर अकरा दिवस होते. मी रोज ओटमील घेऊन जायचो आणि दारात ठरवायचो की आज विचारू. पण विचारायचं म्हणजे मला काही ऐकूच आलं नव्हतं हे सांगणं आलं. माझ्याबद्दलचं त्यांचं मत बदलायला एकवीस वर्षं लागली होती. शेवटच्या आठवड्यात ते पुन्हा बिघडवायचा मला धीर झाला नाही. ते मला डॉइल म्हणू लागले होते. गुरुवारी दुपारी, लोर्ना उशी नीट करत असताना, ते गेले.

आता माझा असा प्रश्न आहे की मी एका माणसाला शब्द दिलेला आहे आणि तो कसला ते मला माहीत नाही. डेल्बर्ट म्हणतो, तेल वेळेवर बदल एवढंच असणार. रूडी म्हणतो, रंग दे. लोर्ना तिचा तर्क सांगत नाही. म्हणून मी जमेल ते सगळंच पाळतो. तेल बदलतो. शेड विकली नाही, भिंतीवरच्या खडूवर काच बसवून घेतली. सिगारेट सोडली. सासूबाईंच्या कबरीवरचं गवत काढून येतो. लोर्नाचा आवाज चढला की आधी मी गप्प बसतो. अशी एखादी गोष्ट धरली की चारदोन दिवस बरं वाटतं, की हीच असेल, हेच सांगितलं असेल. मग एखाद्या सकाळी चहा घेताना मनात येतं की छे, एवढ्यासाठी त्या माणसाने नाकातली नळी काढली नसती. आणि मी पुन्हा शोधायला लागतो.